डायोडचा रोध एका आकड्यात छापू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी आपल्या दैनिकाच्या शैक्षणिक पानावर बारावी विज्ञानाच्या मुलांसाठी भौतिकशास्त्राचे सराव प्रश्न आले होते. त्यातला सहावा प्रश्न डायोडचा, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या छोट्या भागाचा, असा : सिलिकॉन डायोडला ०.७ व्होल्ट दिल्यावर १० मिलिअँपिअर करंट वाहतो, तर डायोडचा रोध (रेझिस्टन्स) किती? उत्तर छापलंय ७० ओहम. इथवर ठीक. पण लगेच सातवा प्रश्न : याच डायोडला १.४ व्होल्ट दिले तर करंट किती? आणि उत्तर : ओहमच्या नियमानुसार (व्होल्टेज दुप्पट तर करंट दुप्पट) २० मिलिअँपिअर.

हे सातवं उत्तर चूक आहे, आणि थोडंथोडकं नाही. बाजारात सर्रास मिळणारा सिलिकॉन डायोड म्हणजे १एन४००७. त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १ अँपिअर करंट वाहताना त्याच्यावर जास्तीत जास्त १.१ व्होल्ट पडतात. १ अँपिअर म्हणजे १००० मिलिअँपिअर, आणि तीच त्याची मर्यादा. थेट १.४ व्होल्ट दिले तर सप्लाय देईल तेवढा करंट तो ओढत जाईल, तापेल आणि जळेल. आपल्या पानावर मात्र २० मिलिअँपिअर छापलंय. हजारो मुलं ते पान कापून वहीला चिकटवतात. म्हणून हे पत्र.

माझ्याबद्दल थोडं सांगतो. मी अकोल्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं सहायक होतो. शिकवणारे सर वेगळे. माझं काम कपाटातून सामान काढून देणं, जोडणी तपासणं, फ्यूज बदलणं, प्रयोग संपला की वायरी गुंडाळून ठेवणं. मुलं मला ‘भाऊ’ म्हणायची. सर फळ्यावर सूत्र लिहायचे, पण मीटरचा काटा उलटा गेला की हाक यायची ती मलाच, “भाऊ, इकडे या ना!” डायोडचा व्ही-आय (व्होल्टेज-करंट) आलेख काढायचा प्रयोग मी एवढ्या बॅचना लावून दिलाय की त्याची जोडणी अंधारातही हाताला येईल. त्यामुळे या विषयावर लिहायचा मला थोडा हक्क आहे असं मानतो.

पान वाचून झाल्यावर रविवारी दुपारी घरीच पुन्हा रीडिंग घेतली. डायोड तोच, १एन४००७. तुरीच्या दाण्यापेक्षा जरा लांब, काळा, एका टोकाला चंदेरी पट्टा. सोबत सिरीजमध्ये अर्ध्या वॅटचा ३३० ओहमचा रेझिस्टर, शून्य ते बारा व्होल्टचा सप्लाय आणि दोन डिजिटल मीटर, एक व्होल्टेजला, एक करंटला. भिंतीवरचा थर्मामीटर २७ अंश दाखवत होता. तो आकडा मी मुद्दाम लिहून ठेवला, कारण त्याचं काम पुढे आहे.

डायोडवर ०.४० व्होल्ट असताना करंट ९ मायक्रोअँपिअर. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध सुमारे ४४ हजार ओहम. ०.५० व्होल्टला ९५ मायक्रोअँपिअर, रोध ५२६० ओहम. ०.६० ला ०.९८ मिलिअँपिअर, रोध ६१२. ०.६५ ला ३.१ मिलिअँपिअर, रोध २१०. ०.७० ला १० मिलिअँपिअर, आपल्या पानावरचेच ७० ओहम. आणि ०.७५ ला ३१ मिलिअँपिअर, रोध २४ ओहमच्या आसपास.

०.४० पासून ०.७५ पर्यंत व्होल्टेज दुप्पटही झालं नाही आणि रोध ४४ हजारांवरून २४ वर आला. डायोड एकच, टेबल एकच, दुपार एकच. मग ‘डायोडचा रोध किती’ या प्रश्नाला कुठला आकडा द्यायचा? प्रश्नच अर्धा आहे. ‘किती व्होल्टला?’ हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

असं का होतं तेही सांगतो, कारण कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. तारेत इलेक्ट्रॉन मोकळे असतात, ढकलणारा जोर दुप्पट केला की प्रवाह दुप्पट होतो. जर्मनीच्या ओहमने १८२७ मध्ये हेच मांडलं आणि धातूच्या तारेसाठी ते आजही खरं आहे. डायोडमध्ये पी आणि एन या दोन थरांच्या सांध्यावर एक उंबरठा असतो. बहुतेक इलेक्ट्रॉनांकडे तो ओलांडण्याइतकी ऊर्जा नसते. बाहेरून व्होल्टेज देऊन आपण तो उंबरठा खाली आणतो, आणि जरासा खाली आला तरी ओलांडणाऱ्यांची संख्या पटीत वाढते. माझ्या रीडिंगांत पाहा, दर ०.१ व्होल्टला करंट जवळपास दसपट होतोय : ९ मायक्रो, ९५ मायक्रो, ०.९८ मिलि, १० मिलि. तारेत बेरजेने वाढतो, इथे गुणाकाराने. म्हणून ०.७ च्या दुपटीला करंटची दुप्पट, हा हिशोब इथे बसूच शकत नाही. स्फटिकांच्या सांध्यातून जाणारा करंट ओहमचा नियम पाळत नाही हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ब्राऊनने १८७४ मध्येच पाहिलं होतं. आपल्या जगदीशचंद्र बोसांनी गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या स्फटिकाच्या याच गुणावर बिनतारी लहरी पकडणारं उपकरण केलं, त्याचं अमेरिकन पेटंट १९०४ चं आहे. आणि पी-एन सांध्याचं समीकरण अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ शॉकलीने १९४९ मध्ये मांडलं. म्हणजे यात नवीन असं काही नाही.

आता कोणी म्हणेल, परीक्षेतला एक गुण, एवढं काय मनावर घ्यायचं. गेल्या दिवाळीतली गोष्ट सांगतो. आमच्या गल्लीतला अकरावीचा एक पोरगा आकाशकंदिलात लाल एलईडी लावत होता. एलईडी म्हणजेही डायोडच. त्याने कुठेतरी वाचलं होतं की लाल एलईडीला २ व्होल्टला १० मिलिअँपिअर लागतात. त्याने रोध काढला २०० ओहम. मोबाइलचा जुना चार्जर ५ व्होल्टचा. पाच भागिले दोनशे, २५ मिलिअँपिअर. पाकिटावर लिहिलं होतं की २५ पर्यंत चालतो. वहीत हिशोब स्वच्छ मांडलेला. जोडला तर क्षणभर पांढरट लखलखला, वास आला आणि गेला. दुसरा जोडला, तोही गेला. तिसरा घालवल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “भाऊ, दुकानदारानं खराब माल दिला.”

माल खराब नव्हता. त्याचा भागाकारही बरोबर होता. चुकीचा होता तो आकडा, जो त्याने कायमचा समजून धरला. मी त्याला सांगितलं, एलईडीला ओहमचा नियम लावू नको, शेजारच्या रेझिस्टरला लाव. एलईडी आपल्यावर साधारण २ व्होल्ट धरून बसणार, मग उरले ३ व्होल्ट. १० मिलिअँपिअर हवेत, म्हणजे ३०० ओहम, बाजारात मिळतो तो ३३० चा घे. मग काहीच जळत नाही. त्याचा कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत पेटत होता. सातव्या प्रश्नासारखं उत्तर छापून येतं तेव्हा असे किती पोरगे हिशोब बरोबर करून एलईडी जाळत असतील याचा विचार करावा ही विनंती.

याहून खोल एक मुद्दा आहे. डायोडला प्रत्येक व्होल्टेजला सुद्धा एक नव्हे, दोन रोध असतात. वर मी व्होल्टेज भागिले करंट केलं, तो स्थिर रोध. मुलं त्याला स्टॅटिक म्हणतात. दुसरा गतिक, म्हणजे डायनॅमिक. व्होल्टेज किंचित हलवलं तर करंट किती हलतो, त्या दोन बदलांचा भागाकार. रविवारी मी ०.६९ आणि ०.७१ ला रीडिंग घेतलं : ७.९ आणि १२.६ मिलिअँपिअर. व्होल्टेजमधला फरक ०.०२, करंटमधला ४.७ मिलिअँपिअर. भागाकार ४.३ ओहम. त्याच बिंदूला स्थिर रोध ७० आणि गतिक ४.३. दोन्ही खरे. डायोड किती तापेल, त्याच्यावर किती व्होल्ट खर्च होतील हे पाहायचं तर पहिला. आणि त्या करंटवर रेडिओचा बारीक सिग्नल स्वार झालाय, त्याला डायोड किती अडवेल हे पाहायचं तर दुसरा.

गतिक रोधाचा पडताळा घ्यायची सोपी युक्ती आहे. खोलीच्या तापमानाला २६ या संख्येला मिलिअँपिअरमधल्या करंटने भागा. १० मिलिअँपिअरला २.६ ओहम येतो. प्रत्यक्षातला डायोड याच्या एकपट ते दुप्पट यांच्यामध्ये कुठेतरी असतो, म्हणजे २.६ ते ५.२. माझा ४.३ त्यात बसला. ०.६० पाशी मी हेच केलं तेव्हा ४३ च्या जरा वर आला, तिथला स्थिर रोध ६१२ होता हे लक्षात घ्या. हा पडताळा बारावीचं कुठलंही मूल दोन मिनिटांत करू शकतं. कोणी करायला सांगत नाही.

आणि फरक बारीकच घ्यायचा. मी कित्येक जर्नलांत (प्रयोगवह्यांत) पाहिलंय, मुलं ०.६ आणि ०.७ ची रीडिंग घेतात, ०.१ ला ९ मिलिअँपिअरने भागतात आणि ११ ओहम लिहून मोकळी होतात. तो ११ त्या दोन बिंदूंना जोडणाऱ्या रेषेचा आहे. तो दोन्हीपैकी कुठल्याच टोकाला लागू पडत नाही, एका टोकाला ४३ आहे, दुसऱ्याला ४.३. एवढं वळण असलेल्या रेषेवर एवढी मोठी ढांग टाकून चालत नाही.

आता मीटरबद्दल लिहितो, कारण इथे मुलांचा काही दोष नसताना त्यांची रीडिंग चुकतात आणि मग त्यांना वाटतं की पुस्तकातला आकडा लिहून टाकलेला बरा.

आमच्या लॅबमध्ये बरीच वर्षं काट्याचे व्होल्टमीटर होते, एक व्होल्टला हजार ओहमवाले. म्हणजे १ व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रोध १००० ओहम. तो डायोडला समांतर लावला आणि ०.५ व्होल्ट दिले तर मीटर स्वतः ०.५ मिलिअँपिअर खातो. डायोडचा खरा करंट तिथे ०.०९५. अँमीटर दोघांची बेरीज दाखवतो, ०.५९५. मूल प्रामाणिकपणे ०.५ भागिले ०.५९५ करतं आणि रोध ८४० ओहम लिहितं. खरा ५२६०. त्या मुलाने डायोड मोजलाच नाही, मीटर मोजला. ०.७ व्होल्टला मात्र मीटर खातो ०.७ आणि डायोड १०, त्यामुळे तिथली चूक लपून जाते. पहिली काही वर्षं मलाही हे उमगलं नव्हतं. आलेखाचा सुरुवातीचा भाग नेहमी सरळ रेषेत का उठतो म्हणून मी मुलांना दोष द्यायचो. मग एकदा डायोडचं एक टोक सुटलेलं असतानाही अँमीटरचा काटा अर्ध्या मिलिअँपिअरवर उभा दिसला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सुरुवातीची ती सरळ रेष व्होल्टमीटरचीच होती, तो बिचारा ओहमचा नियम पाळत होता.

दुसरा गोंधळ मल्टिमीटरचा. काट्याच्या मल्टिमीटरवर एकच डायोड फॉरवर्डमध्ये, म्हणजे सरळ जोडलेला असताना, एक्स-वन रेंजला दहा ओहमच्या आत दाखवतो आणि एक्स-वन-के ला चार हजारांच्या आसपास. मुलं घाबरून मीटर परत आणून द्यायची. मीटर चांगला असतो. एक्स-वन वर तो डायोडमधून शंभर-एक मिलिअँपिअर पाठवतो, एक्स-वन-के वर जेमतेम शंभर-सव्वाशे मायक्रोअँपिअर. करंट बदलला, आलेखावरची जागा बदलली, म्हणून रोध बदलला. माझ्या मते हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका प्रयोग आहे. एक मीटर, एक डायोड, एक बटण फिरवायचं. बहुतेक काट्याच्या मीटरमध्ये ओहमवर काळ्या वायरीला आतल्या सेलचं धन टोक येतं, तेवढं ध्यानात ठेवावं, नाहीतर डायोडची दिशा उलटी कळते.

आता एक प्रसंग सांगतो, जो माझ्या मनातून गेलेला नाही. साधारण पंधरा वर्षं झाली. मूर्तिजापूरकडून रोज पॅसेंजरने येणारी एक मुलगी होती. बोलायची कमी, पण रीडिंग घेताना पट्टी लावून काटा वाचायची, काट्यामागच्या आरशातली त्याची सावली दिसेनाशी होईपर्यंत डोकं हलवत राहायची. मधल्या सुट्टीत तिने मला स्थिर आणि गतिक रोधातला फरक विचारला होता. मी माझ्या परीने सांगितला, सरांकडून खात्री करून घ्यायला सांगितलं, तिने घेतली.

बोर्डाच्या प्रॅक्टिकलला तिला डायोड आला. तिने निष्कर्षात तीन ओळी लिहिल्या : ०.६० व्होल्टला स्थिर रोध इतका, ०.७० ला इतका, आणि ०.७० ला गतिक रोध इतका. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, “डायोडचा रोध किती आला? एक उत्तर सांग.” ती म्हणाली, “कुठल्या व्होल्टेजचा सर?” तिने खरंच विचारलं होतं. त्यांना तो उर्मटपणा वाटला. निष्कर्षाच्या तीन ओळींवर लाल रेघ मारली आणि गुण कापले. मी पॅच कॉर्डचा डबा हातात घेऊन शेजारी उभा होतो. लॅब असिस्टंटने परीक्षेत बोलायचं नसतं असा संकेत आहे, म्हणून बोललो नाही. ती टेबल आवरताना वायरी नीट गुंडाळून ठेवून गेली, माझ्याकडे न बघता.

आपलं पान वाचताना मला तीच मुलगी आठवली. तिने विचारलेला प्रश्न हाच या धड्यातला खरा प्रश्न होता.

आता त्या २७ अंशांबद्दल. अकोल्याचा मे आपल्या वाचकांना सांगायला नको. डायोडचा करंट तोच ठेवला तर दर अंशाला त्याच्यावरचं व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतं. उलट, व्होल्टेज तेच ठेवलं तर करंट वाढत जातो. आमची लॅब वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. जानेवारीच्या सकाळी पंधरा अंश, मे महिन्यात दुपारी बेचाळीस. म्हणजे २७ अंशांचा फरक, ५४ मिलिव्होल्ट. पंधरा अंशाला ०.६० व्होल्टवर माझ्या डायोडमधून साधारण ०.५६ मिलिअँपिअर जाईल, बेचाळीसला साधारण १.९५. रोध एका वेळी १०७० ओहम, दुसऱ्या वेळी ३०८. तार तापली की तिचा रोध वाढतो, डायोड तापला की उतरतो. म्हणून जर्नलमध्ये रीडिंगच्या वर खोलीचं तापमान लिहायची सवय मी मुलांना लावायचो. काही सरांना ते पटायचं, काहींना अनावश्यक वाटायचं.

शेतात सौरपंप बसवलेल्यांना हा अनुभव वेगळ्या रूपात येतो. सौर पॅनेलमधला प्रत्येक सेल हाही सिलिकॉनचा सांधाच. ७२ सेलचं पॅनेल ४० अंशांनी जास्त तापलं तर त्याचं मोकळं (काहीही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज पाच-सहा व्होल्टने खाली येतं. ऊन जास्त असून व्होल्टेज कमी का, असं मला बाळापूरकडच्या एका शेतकऱ्याने विचारलं होतं. उत्तर या डायोडच्या प्रयोगातच आहे.

रिव्हर्स बायसचं, म्हणजे डायोड उलटा जोडण्याचं, थोडक्यात लिहितो, पण तिथलीही एक वाईट सवय सांगितली पाहिजे. पूर्वी लॅबमध्ये ओए७९ हा जर्मेनियमचा डायोड असायचा. तो ०.२ ते ०.३ व्होल्टलाच वाहू लागतो आणि उलटा लावला तरी मायक्रोअँपिअरमध्ये गळती दाखवतो. पुढे सिलिकॉन आला, पण जर्नल वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे येतच राहिलं. परिणामी समोर सिलिकॉनचा डायोड असताना मुलं नी व्होल्टेज (जिथून करंट झपाट्याने वाढू लागतो ते) ०.३ आणि रिव्हर्स करंट १० मायक्रोअँपिअर लिहायची. सिलिकॉनला उलटं जोडल्यावर मायक्रोअँमीटरचा काटा जागचा हलत नाही. मग जे दिसलं नाही ते लिहायचं, ही शिकवण मुलाला प्रयोगशाळेतच मिळते. याचं मला फार वाईट वाटतं.

दिसत नाही म्हणजे मोजता येत नाही असं नाही. माझ्या डिजिटल मीटरचा व्होल्टच्या रेंजवर आतला रोध १० मेगाओहम आहे. तो मीटर २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर उलट्या डायोडच्या सिरीजमध्ये लावला आणि १० व्होल्ट दिले. मीटरने ४२ मिलिव्होल्ट दाखवले. भागिले १० मेगाओहम, करंट ४.२ नॅनोअँपिअर, म्हणजे डायोडचा रोध सुमारे २४० कोटी ओहम. २० व्होल्ट दिले तर ५७ मिलिव्होल्ट, रोध ३५० कोटी. इथेही व्होल्टेज बदलल्यावर रोध बदलला, आणि इथे तो वाढला. काचेचा १एन४१४८ डायोड घेऊन हाच प्रयोग केला तर आणखी गंमत दिसते : खिडकीतलं ऊन त्याच्यावर पडलं की आकडा चढतो, हाताने झाकला की उतरतो. काळ्या प्लास्टिकच्या डायोडला हे होत नाही. आमच्या लॅबमध्ये मुलं हे बघायला ओळीने उभी राहायची.

आता आपल्याकडे मागणं. बोर्डाच्या प्रॅक्टिकल परीक्षा पुढे आहेत. त्याच्या आत सातव्या प्रश्नाचं उत्तर चूक आहे असं त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या टायपात छापावं. सहाव्या प्रश्नात ‘डायोडचा रोध’ ऐवजी ‘०.७ व्होल्टला डायोडचा स्थिर रोध’ असे शब्द घालावेत. त्यापुढे एखादा प्रश्न असा घालता येईल : ०.६९ आणि ०.७१ व्होल्टची रीडिंग दिली आहेत, गतिक रोध काढा. माझी रीडिंग वापरायला माझी काहीच हरकत नाही.

सराव प्रश्न तयार करणाऱ्या सरांबद्दल माझ्या मनात राग नाही. दर आठवड्याला तीस-चाळीस प्रश्न काढायचे म्हणजे काय धावपळ असते ते मी जवळून पाहिलंय. त्यांना एवढंच सांगावं की एकदा स्वतः जोडणी करून बघा. एका चहाच्या पैशात डायोड येतात. मीटर नसेल तर अकोल्यात माझ्या घरी या, दोन्ही मीटर आणि सप्लाय टेबलावर तसेच लावून ठेवलेत.

सोबत आलेखाचा कागद जोडला आहे. आडव्या अक्षावर व्होल्टेज, उभ्यावर करंट, वर कोपऱ्यात तारीख आणि तापमान. ०.७० व्होल्टच्या बिंदूवर दोन रेषा काढल्या आहेत. एक शून्यापासून त्या बिंदूपर्यंत, तिच्यावरून ७० ओहम निघतो. दुसरी त्या बिंदूला नुसती टेकून जाणारी, तिच्यावरून ४.३. शाई पसरू नये म्हणून पेन्सिलीनेच काढल्यात, छापण्याआधी कोणाकडून गडद करून घ्याव्यात. जागा कमी पडली तर माझं पत्र कापा, पण तो आलेख छापा.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, अकोला
(नाव छापू नये ही विनंती.)